डॉमिनियन्स ५ : चिठ्ठीत उल्म निघालं, पहिलं वर्ष कसं काढू?

खडीसाखर, सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, आमच्या आठ जणांच्या कंपूचा डॉमिनियन्स ५ चा नवा डाव येत्या शनिवारी सुरू होतोय. मधलं युग, ४८ तासांना एक टर्न. मागच्या वेळी कोण कुठलं राष्ट्र घेणार यावरून इतकं वाजलं होतं की या खेपेला सरळ चिठ्ठ्या टाकल्या. बाकीच्यांना कॅलम, एर्मोर, पिथियम, मॅन, आर्कोसेफाले, मचाका आणि बंदर लोग निघाले. माझ्या चिठ्ठीत उल्म.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: इल्विंटर या स्वीडनमधल्या छोट्याशा जोडगोळीने बनवलेला हा खेळ २०१७ मध्ये आला. (सहावा भाग २०२४ मध्ये आला, पण आमच्यातले निम्मे अजून पाचव्यावरच अडून बसलेत.) तुम्ही देवपदाचे उमेदवार. तुमच्या नावाने लढणारं एक राष्ट्र तुमच्या हातात असतं. प्रांत जिंकायचे, जादू शिकायची, सिंहासनं मिळवायची. एक टर्न म्हणजे एक महिना, १२ टर्न म्हणजे वर्ष. चित्रं बघाल तर १९९५ सालचा खेळ वाटेल, त्याला इलाज नाही.

उल्मची अडचण अशी की शिपाई डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात, पण जादूच्या आठ वाटांपैकी त्यांच्या मास्टर स्मिथना (म्हणजे जादूगार लोहारांना) मुख्यतः दोनच येतात, आग आणि माती. जादूप्रतिकार बेताचा, पुजारी बेताचे, आणि चाल गोगलगायीची.

काल सरावाला कॉम्प्युटरविरुद्ध एक डाव टाकला. देव म्हणून वर्म (अवाढव्य सर्प) घेतला, पहिल्या दिवसापासून जागा. तिसऱ्या टर्नला बार्बेरियनांच्या प्रांतावर चालून गेले आणि निम्मं सैन्य तिथेच ठेवून आले. सहाव्याला नाइट्सनी उरलेलं तुडवलं. वर्ष संपलं तेव्हा ७ प्रांत, आणि तिजोरीत सोनं नुसतं पडून. सोनं पडून राहिलं कसं हेच मला कळेना. कुणीतरी सांगा.


अर्धा_चहा, सोमवार, रात्री ११:५२

भावा, उत्तर सोपं आहे. दुबळ्याने बलाढ्याशी समोरासमोर लढायचं नसतं. गनिमी कावा! छोट्या तुकड्या, अचानक छापा, लूट घेऊन पसार. आपल्या रक्तात आहे ते.


काळा_फत्तर, मंगळवार, सकाळी ७:१५

अर्धा_चहा, "चालून गेले", "ठेवून आले" असं लिहिलंय वर. भावा काय? ताई आहेत त्या.

आणि गनिमी काव्याला घोडा लागतो, हलकं सामान लागतं, वाटा माहीत असाव्या लागतात. उल्मचा शिपाई पळायला लागला तर त्याच्या चिलखताचा आवाज शेजारच्या प्रांतात जातो. छापा घालायचा तर कॅलमने घालावा, ते उडतात. तुम्ही सांगताय ते उल्मला नाही, उल्मच्या शत्रूला लागू पडतं.

सविस्तर दुपारी लिहितो, आत्ता बस पकडायची आहे.


अर्धा_चहा, मंगळवार, सकाळी ९:०५

चुकलं ताई, माफी. मुद्दा मात्र कायम. दुबळ्याने जड तोफखाना घेऊन मैदानात उभं राहिल्यावर काय होतं ते १४ जानेवारी १७६१ ला बघितलंय आपण.


पेठकर, मंगळवार, सकाळी ९:३१

पानिपतावर तोफखाना जड होता म्हणून हरलो, हे आपणांस कोणी सांगितले? इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी सकाळभर शत्रूची एक बाजू पार खिळखिळी केली होती. अडचण तोफांची नव्हती. पोटाची होती, आणि सोबत आलेल्या बिनलढाऊ लोकांच्या लोंढ्याची होती.


अर्धा_चहा, मंगळवार, सकाळी ९:४४

म्हणजे रसद. म्हणजे तेच की, जड सैन्य.


रातकिडा, मंगळवार, सकाळी १०:०२

पानिपताला वेगळा धागा काढा. कृपया. दर धाग्यात विसाव्या प्रतिसादापर्यंत आपण पानिपतावर पोचतो, आज चौथ्यातच पोचलो.


काळा_फत्तर, मंगळवार, दुपारी २:२०

हं. ताई, तुमच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण सोनं पडून राहिलं यातच उल्मचं अर्धं गणित आहे.

उल्मच्या चिलखती शिपायाला सोनं बेताचं लागतं, पण रिसोर्स, म्हणजे लोखंड म्हणा हवं तर, दाबून लागतं. न खर्चलेलं सोनं पुढच्या महिन्यात तिजोरीत राहतं. न वापरलेले रिसोर्स राहत नाहीत, त्या महिन्याचे त्या महिन्यात वाया. म्हणजे तुमची भरती सोन्यावर अडतच नाही, लोखंडावर अडते. तुम्ही दर टर्नला रिसोर्स संपेपर्यंत शिपाई घेतलेत, आणि सोनं उरलं. उरलं त्याचं काय करायचं हे न ठरवल्यामुळे ते पडून राहिलं.

आता, किल्ला फक्त स्वतःच्या प्रांतातले रिसोर्स वापरत नाही, शेजारच्या तुमच्या ताब्यातल्या प्रांतांतूनही ओढतो. म्हणून राजधानीला चिकटलेले प्रांत आधी घ्यायचे. हे सगळीच राष्ट्रं करतात, पण उल्मला ते जास्त लागू आहे. त्यातही डोंगर आणि जंगल आधी. तिथे माणसं कमी, सोनं कमी, पण रिसोर्स भरपूर. हिरवीगार शेती दिसली की बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. उल्मच्या माणसाला डोंगर बघून सुटलं पाहिजे. डोंगर घेतला की पुढच्या महिन्यात चार शिपाई जास्त निघतात, ते शिपाई पुढचा डोंगर घेतात. शेतीकडे नंतर जाता येईल.

आणि उरलेलं सोनं: पहिल्या टर्नपासून दर महिन्याला एक मास्टर स्मिथ. एकही महिना चुकवू नका. त्यातूनही वाचलं की दुसरा किल्ला, डोंगराळ भागातच.

सैन्य कसं वापरायचं तेही बघा. ढालवाले पुढे, दोन हातांचं हत्यार असलेले जरा मागे. साध्या धनुष्याचे बाण तुमच्या पत्र्यावरून घसरतात, त्यामुळे धनुर्धारी असलेले स्वतंत्र (कुणा खेळाडूच्या ताब्यात नसलेले) प्रांत तुमच्यासाठी प्रसाद आहेत. टाळायचं काय ते तुम्ही अनुभवलंच. बार्बेरियनांच्या हातात मोठाल्या दोनहाती तलवारी असतात, त्या चिलखताला जुमानत नाहीत. नाइट्सचा भाल्याचा पहिला धक्का जीवघेणा असतो. हत्ती दिसले तर वाट बदला. हे आधी कळायला हवं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला एक हेर. हेर स्वस्त असतो. निम्मं सैन्य स्वस्त नसतं.

आर्बालेस्टवाले (जड यांत्रिक धनुष्यवाले) घेतले असतील तर लक्षात ठेवा, ते तीन फेऱ्यांत एकदाच सोडतात. पुढची रांग शत्रूला भिडली की तुमचेच बाण तुमच्याच पाठीत जातात. पायदळाला "थांबून मग हल्ला" सांगा, म्हणजे पहिली सरबत्ती तरी मोकळ्या मैदानात पडेल.


मालवणी_मासा, मंगळवार, दुपारी ३:४८

वरचं सगळं मान्य. पण मला एक सांगा, आपली माणसं असताना उल्म कशाला रडतायत? आमच्या दुसऱ्या डावात मी बंदर लोग घेतलंय. गुरू, योगी, ब्राह्मण, सगळं घरचं. फक्त सैन्यात माकडं. मर्कट म्हणजे अगदी पावली किमतीचे, शंभर घेतले तरी तिजोरीला कळत नाही. आणि पहिला मेला की नव्याण्णव घरी! आमच्याकडे देवळात नारळ फुटल्यावर पोरं धावतात ना, तसे, फक्त उलट दिशेला.

मुद्दा असा की दुबळेपणाही दोन तऱ्हांचा. आमचा पळणारा आणि तुमचा न हलणारा. न हलणारा बरा हो.


रातकिडा, मंगळवार, रात्री ८:३०

काळा_फत्तरशी थोडा असहमत. त्यांनी लिहिलेलं चूक नाही, पण ते उल्मच्या खऱ्या दुखण्यावरचं औषध नाही.

उल्म पहिल्या वर्षी मरत नाही. नीट खेळलं तर त्याचा विस्तार बराच चांगला होतो, चिलखत आहे शेवटी. उल्म मरतं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेव्हा शेजाऱ्यांची जादू पिकते. जादूप्रतिकार कमी असलेल्या माणसाला पोलादात गुंडाळलं तरी आतल्या मनाला पत्रा लावता येत नाही. शिवाय चिलखतच गंजवणारे, फोडणारे मंत्र आहेत: रस्ट मिस्ट, डिस्ट्रक्शन, आयर्न बेन. ज्यावर तुमचा सगळा पैसा गेला तेच मातीमोल.

आणि स्मिथना आग-माती येते, म्हणून जादूची ठिकाणं शोधली तरी आग आणि मातीचीच सापडणार. जेम, म्हणजे जादूला लागणारे खडे, मिळणार तेही त्याच दोन रंगांचे. बाकी सहा वाटा बंद. हे दुष्टचक्र पहिल्या दिवशी देव बनवतानाच तोडायला हवं.

म्हणून जागा वर्म नको. तो काय करतो? सुरुवातीला प्रांत जिंकतो. ते काम उल्मचे शिपाई करतातच की. देव झोपलेला घ्या, वर्षाने उठेल असा. त्याने वाचलेल्या पॉइंटांत त्याला तीन-चार निरनिराळ्या वाटा थोड्या थोड्या द्या. उठला की तो बाकीच्या रंगांची ठिकाणं शोधत हिंडेल. कोंडलेला देव घेऊ नका, तो यायला तीनेक वर्षं लागतात, तोवर श्राद्ध घालायला कोणी उरणार नाही.


पेठकर, मंगळवार, रात्री ९:१२

देवाविषयी सहमत. प्रदेशाच्या गुणांविषयी एक भर घालतो. प्रॉडक्टिव्हिटी पूर्ण तीन. त्यावर वाद नसावा. ऑर्डर शक्य तितकी. आणि हे सगळे परवडावे म्हणून ड्रेन, म्हणजे मॅजिकच्या उलटा गुण, घ्या.

ड्रेन म्हणताच लोक दचकतात, कारण त्यात संशोधन मंदावते. मास्टर स्मिथच्या संशोधनाला मात्र ड्रेनची झळ लागत नाही. म्हणजे इतरांसाठी जो शाप, तो उल्मला फुकटात पॉइंट मिळवून देतो. वर ड्रेनच्या प्रदेशात सगळ्यांचा जादूप्रतिकार किंचित वाढतो, आणि रातकिडा यांनी दाखवलेले दुखणे नेमके तेच आहे. तोटा एकच: मंत्र म्हणताना थकवा अधिक येतो, तो स्मिथनाही चुकत नाही.


खडीसाखर, मंगळवार, रात्री ११:१०

वा! एका दिवसात एवढं! पेठकर, ड्रेनचं मला माहीतच नव्हतं. मी सरावात मॅजिकचा गुण विकत घेतला होता, म्हणजे पदरचे पैसे देऊन स्वतःचं नुकसान.

दोन शंका. संशोधन जादूच्या कुठल्या शाळेत? आणि दुसऱ्या वर्षी जादू पिकलेल्या शेजाऱ्याने हल्ला केलाच, तर मी काय करायचं? सगळे "तेव्हा उल्म मरतं" एवढं सांगून थांबतायत.


काळा_फत्तर, बुधवार, सकाळी ७:४०

कन्स्ट्रक्शन. डोळे मिटून. लीजन्स ऑफ स्टील हा मंत्र तिथेच आहे, तुमच्याच तुकड्यांचं चिलखत आणखी जाड करणारा. आणि वस्तू घडवायचं कौशल्यही त्याच शाळेचं. पाचव्या भागात वस्तू सम पायऱ्यांवर उघडतात, २, ४, ६, ८. पहिल्या वर्षात ४ गाठायचं ध्येय ठेवा. त्यानंतर उल्मचा खास मंत्र टेम्परिंग द विल कुठे आहे ते शोधून तिकडे वळा, तो सैन्याचा जादूप्रतिकार वाढवतो. रातकिड्याच्या दुखण्यावर तेवढा एक काढा घरचा आहे.

आता दुसरी शंका. यावर मी जरा लांब बोलणार.

गावात लोहार असतो. बलुतेदार. त्याच्याकडे जमीन नसते, माणूसबळ नसतं, पाटलाच्या वाड्यापुढे त्याची झोपडी काहीच नाही. पण गावात भांडणं पेटली, दोन भावक्या एकमेकांची गंजी जाळायला लागल्या, तरी लोहाराचा भाता कोणी फोडत नाही. कारण उद्या नांगराचा फाळ कोण लावून देणार? दोन्ही भावक्यांचं बलुतं त्याच्या दारात येतं.

उल्म म्हणजे या नकाशावरचा लोहार आहे. तुमचे स्मिथ इतरांपेक्षा स्वस्तात घडवतात. बाकी सात जणांपैकी मातीची वाट नीट येणारे किती? कॅलमला हवा येते, पिथियमला तारे येतात. ड्वॉर्व्हन हॅमर, म्हणजे ज्याच्या हातात असला की घडवणं स्वस्त होतं तो हातोडा, सगळ्यांना हवा असतो आणि फार थोड्यांना करता येतो. लाइटलेस लँटर्न आगीच्या जेममधून होतो, संशोधन वाढवतो, तोही सगळ्यांना हवा. तुम्ही घडवा, बदल्यात तुम्हाला न मिळणाऱ्या रंगांचे जेम घ्या. पिथियमकडून पर्ल (ताऱ्यांच्या वाटेचे जेम) घ्या, किंवा सरळ जादूप्रतिकाराची ताबीजं घ्या. ती तुम्हाला जन्मात करता येणार नाहीत आणि त्यांना डाव्या हाताचा मळ.

म्हणून उल्मची सुरुवात म्हणजे नुसते डोंगर घेणं नाही. आठव्या टर्नपर्यंत प्रत्येक शेजाऱ्याला तुमच्याकडून काहीतरी येणं बाकी असलं पाहिजे. ज्याची वस्तू तुमच्या भट्टीत आहे तो तुमच्यावर या महिन्यात चालून येत नाही. पुढच्या महिन्यासाठी दुसरी वस्तू कबूल करा.


मालवणी_मासा, बुधवार, सकाळी ९:१८

+१. लोहाराचं भारीच. पण काका, एक आहे. आमच्या गावात लोहार काम वेळेत कधीच देत नाही. "उद्या ये" म्हणतो.


काळा_फत्तर, बुधवार, सकाळी ९:२५

तीच तर कला आहे.


रातकिडा, बुधवार, सकाळी ११:००

सुंदर लिहिलंय, पण गावात पोलीस पाटील असतो, चावडी असते, परंपरा असते. इथे काहीही नाही. इथे समोरचा वस्तू घेईल, आणि त्याच वस्तूने तुमचं डोकं फोडेल. हातोडा दिला की त्याच्या सगळ्या वस्तू स्वस्त झाल्या. लँटर्न दिला की त्याचं संशोधन वाढलं, म्हणजे मला ज्या दिवसाची भीती वाटते तो दिवस तुम्ही स्वतः जवळ आणलात. चांगली चिलखतं, तलवारी दिल्या तर तो त्यातून थग बनवणार आणि एकटा थग तुमच्या प्रांताप्रांतांतून फिरणार.

(नवीन लोकांसाठी: थग म्हणजे दोन-चार जादुई वस्तू चढवलेला सेनापती, जो एकटाच प्रांत घेऊ शकतो. शब्द आपलाच, ठग. इंग्लंडला जाऊन परत आला तो पत्रा लावून.)


काळा_फत्तर, बुधवार, दुपारी १:०५

बरोबर. म्हणून काय द्यायचं हे कोणाला द्यायचं यावर ठरवायचं. लागून असलेल्याला हातोडा, कारण तो लढाईत कामाचा नाही आणि त्याची किंमत तुम्ही जास्त लावू शकता. तलवार-चिलखत फक्त त्याला, ज्याच्या आणि तुमच्या मध्ये किमान एक तिसरं राष्ट्र आहे. म्हणजे ती तलवार आधी तिसऱ्यावर चालेल. लँटर्नच्या बाबतीत तुमचं ऐकतो, शेजाऱ्याला नको.


पेठकर, बुधवार, दुपारी १:२०

यालाच शस्त्रास्त्रांचा व्यापार म्हणतात. चालू द्या.


न्यूजर्सीचा_नाना, बुधवार, रात्री १०:३३

इथे दुपार आहे, उशिरा आलो. एकच सांगतो, जे कोणी बोललं नाही. टर्न चुकवू नका. ४८ तास खूप वाटतात, पण एका रविवारी लग्नाला जाता आणि टर्न स्टेल होतो. बलाढ्य राष्ट्राचा एक टर्न बुडाला तर चालतं. उल्मचा बुडाला तर एक स्मिथ गेला, एक वस्तू वेळेत गेली नाही, आणि ज्याला कबूल केली होती त्याला वाटतं की याने फसवलं. आमच्या एका डावात निव्वळ यामुळे युद्ध झालंय. तो माणूस बिचारा दंतवैद्याकडे होता.

आणि करार लेखी करा. एनएपी-३ (अनाक्रमण करार) असं स्पष्ट लिहा, म्हणजे हल्ला करण्याआधी तीन टर्न आगाऊ सांगायचं. "आपण मित्र आहोत ना" हा करार नसतो.


खडीसाखर, रविवार, रात्री १२:१५ (दोन आठवड्यांनंतर)

सातवा टर्न आज झाला. बातमीपत्र:

देव झोपलेला घेतला. प्रॉडक्टिव्हिटी ३, ऑर्डर २, ड्रेन २. राजधानीच्या सहापैकी पाच शेजारी प्रांत ताब्यात, त्यात दोन डोंगर आणि एक जंगल. सहाव्यात बार्बेरियन आहेत, त्यांच्याकडे या वेळी ढुंकूनही बघितलं नाही. त्यापलीकडे आणखी दोन. म्हणजे राजधानी धरून आठ. सरावात बाराव्याला सात होते! स्मिथ सहा. सोनं शिल्लक: ११. आयुष्यात पहिल्यांदा तिजोरी रिकामी बघून आनंद झाला.

शेजारी सापडले. उत्तरेला कॅलम. पूर्वेला, दोन प्रांत सोडून, एर्मोर.

आता बोला.


अर्धा_चहा, रविवार, सकाळी ८:००

आई गं.


रातकिडा, रविवार, सकाळी ९:४५

एर्मोर ही मोठी बातमी आहे. त्यांच्या देवाचा प्रभाव जिथे पसरतो तिथली माणसं मरत जातात आणि त्यांना मुडद्यांचं सैन्य फुकटात मिळत राहतं. एकेक मुडदा तुमच्या शिपायापुढे कवडीमोल, पण मुडद्याला थकवा नाही. तुमचा शिपाई त्या पत्र्यात हातोडा फिरवत राहतो, दर फेरीला थकवा चढतो, आणि १०० झाला की बेशुद्ध. शंभर सांगाडे मारून तुमची रांग उभ्या उभ्या झोपेल आणि एकशे एकावा सांगाडा निवांत येऊन गळा कापेल. पुजाऱ्यांनी मुडदे पळवायचे म्हणाल तर उल्मचे पुजारी ते असे.


काळा_फत्तर, रविवार, सकाळी १०:३०

मला ही बातमी चांगली वाटते.

एर्मोर कोणालाच नको असतं. त्याला वाढू दिलं तर सगळा नकाशा राख होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण लढायला कोणालाच जायचं नसतं. ताई, आजच सगळ्या सहा जणांना एकच पत्र पाठवा: "एर्मोर माझ्या दारात आहे. मी त्याला अडवून धरते. मी पडले तर तो तुमच्याकडे येईल." आणि खाली दरपत्रक जोडा. हातोडा इतक्या जेमना, अमुक वस्तू इतक्याला. भीक मागायची नाही, काम सांगायचं आणि मोल सांगायचं.

लढायचं मात्र मैदानात नाही. रातकिडा सांगतोय ते थकव्याचं खरं आहे. पूर्वेच्या खिंडीसारख्या प्रांतात दुसरा किल्ला घाला, त्यात बसा. शिपाई दोन तुकड्यांत, एक पुढे, एक मागे थांबलेली. पहिली दमेपर्यंत दुसरी ताजी.


पेठकर, रविवार, सकाळी ११:१५

कॅलमचे काय? ते उडत येऊन मागचे प्रांत टिपतील. प्रत्येक प्रांतात पहारा वाढवायचा म्हणाल तर हिशोब करा: पहाऱ्याचा प्रत्येक पुढचा मुद्दा आपल्या क्रमांकाइतके सोने खातो. दहापर्यंत न्यायला ५५. आठ प्रांतांना ४४०. त्यात किती स्मिथ येतील?


काळा_फत्तर, रविवार, सकाळी ११:४०

म्हणूनच कॅलमला पहिला हातोडा. पहाऱ्यापेक्षा स्वस्त पडतो.


खडीसाखर, शनिवार, रात्री ९:५०

अकरावा टर्न पाठवला. बरंच घडलं.

पत्र सगळ्यांना पाठवलं. मचाकाने उत्तर दिलं नाही. मॅनने "बेस्ट लक" लिहिलं. बंदर लोगवाल्याने एक माकडाचं चित्र पाठवलं. पण पिथियमने विचारलं, हातोडा कधी मिळेल, आणि बोलणी व्हायच्या आधीच पाच पर्ल आगाऊ पाठवले! आर्कोसेफालेने दोन वस्तू सांगितल्या. कॅलमशी एनएपी-३ झाला, लेखी. एका हातोड्याच्या बदल्यात करार आणि वर दर तीन टर्नला थोडे हवेचे जेम.

पण पहिला हातोडा एकच तयार झालाय आणि तो मी दोघांनाही कबूल केलाय. आता?


मालवणी_मासा, शनिवार, रात्री १०:०२

आता तुम्ही खऱ्या लोहार झालात.


रातकिडा, शनिवार, रात्री १०:१०

कॅलमला. तो लागून आहे. पिथियम लांब आहे, त्याला "पुढच्या महिन्यात" चालेल.


पेठकर, शनिवार, रात्री १०:४१

असहमत. ज्याने आगाऊ मोल दिले त्याला आधी. धंद्यात पत एकदाच जाते.


न्यूजर्सीचा_नाना, शनिवार, रात्री ११:३०

पेठकरांशी सहमत. शिवाय पिथियम एर्मोरला लागून असेल तर? विचारा त्याला. तसं असेल तर तो तुमचा खरा सोबती आहे, कॅलम नुसता शेजारी.


काळा_फत्तर, रविवार, सकाळी ६:५५

नानांचा प्रश्न महत्त्वाचा. ते कळेपर्यंत हातोडा तुमच्याच स्मिथच्या हातात ठेवा, एक टर्न स्वतःच्या वस्तू त्यावर घडवून घ्या. मग द्या. नवा आणि वापरलेला हातोडा दिसायला सारखाच असतो.


खडीसाखर, मंगळवार, रात्री ११:२०

पिथियम एर्मोरला लागूनच निघाला, पलीकडच्या बाजूने. हातोडा त्याला गेला. कॅलमला लिहिलं की भट्टीत कामाचा रेटा आहे, पुढच्या टर्नला नक्की.

वर्ष संपलं. ११ प्रांत, नऊ स्मिथ, पूर्वेचा किल्ला अर्धा बांधून झालाय. आमचा देव उठला, डोळे चोळतोय. एर्मोरची पहिली टोळी किल्ल्यापासून एका प्रांतावर दिसतेय, हेराने आकडा सांगितलाय तो इथे लिहीत नाही, अर्धा_चहा पुन्हा "आई गं" म्हणेल.

आणि आत्ताच कॅलमचा निरोप आलाय. एकच ओळ: "ताई, हातोडा कुठंय?"